रात्री साडेदहाचं खाणं : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एकत्र करून ते अभ्यासासाठी रचलं आहे. त्यातल्या व्यक्तीचे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत. संशोधनाचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.

तक्रार

वय ४१, कार्यालयात हिशेबाचं काम, घरी नवरा आणि दोन मुलं. उंची १६० सेंमी, वजन ७४ किलो. नेहमीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १०८ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ५.९ टक्के आलं. दोन्ही आकडे मधुमेहपूर्व टप्प्यातले. डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि गोड कमी करायला सांगितलं. सल्ला चुकीचा नव्हता, पण तिच्यासाठी नवाही नव्हता. गेल्या बारा वर्षांत पाच-सहा वेळा तिनं वजन उतरवलं होतं, कधी चार किलो, कधी आठ, आणि दर वेळी ते परत आलं होतं.

तिचं म्हणणं थोडक्यात असं: "दिवसभर मी अगदी शिस्तीत असते. रात्री सगळे झोपले की काय होतं कळत नाही. जिभेवर ताबाच राहत नाही. मला एकदम कडक डाएट लिहून द्या, मी काटेकोर पाळेन."

कडक तक्ता मागणं हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. ज्या उपायानं त्रास सुरू झाला, त्याचाच डोस वाढवून हवा होता.

सात दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी तिला आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली. कॅलरी नाहीत, वजन नाही. पाच रकाने: वेळ, काय खाल्लं, खाण्याआधीची भूक (० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे हातपाय गळाल्यासारखं), जागा, आणि त्या वेळी मनात आलेलं वाक्य. अट एकच, नोंद खाल्ल्यावर लगेच करायची. रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहिलं की माणूस नकळत स्वतःचा वकील होतो, नाहीतर न्यायाधीश. दोन्ही नोंदी निरुपयोगी.

तिचा सरासरी दिवस असा निघाला. सकाळी साडेसातला बिनसाखरेची कॉफी. दुपारी एकला कच्च्या भाज्या आणि वाटीभर दही. मग थेट संध्याकाळी साडेसातला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तीन-चार बिस्किटं, ज्यांची नोंद पहिले दोन दिवस झालीच नव्हती. नऊ वाजता सगळ्यांबरोबर जेवण, पण तेही हात आखडता घेऊन. साडेदहाला घर शांत झालं की फ्रीज, डबे, पाकिटं. सातपैकी पाच रात्री हे घडलं. त्यात साधारण आठ-दहा बिस्किटं, आइस्क्रीम, उरलंसुरलं जेवण.

भुकेचा रकाना बोलका होता. दुपारी एकला भूक ५, साडेसातला ९. मधे साडेसहा तास पोटात काही नव्हतं आणि तोवर दिवसभरात जेमतेम ४०० ते ५०० कॅलरी गेल्या होत्या.

शेवटच्या रकान्यातली वाक्यं जशीच्या तशी: "झालं, आजचा दिवस वाया." "आता बिघडलंच आहे तर संपवूनच टाकते." "उद्या फक्त पाणी आणि फळं." "इतकी शिकलेली बाई, आणि एवढं जमत नाही." सातपैकी चार दिवशी सकाळचं न खाणं हे आदल्या रात्रीची शिक्षा म्हणून होतं. तिच्या मते ती शिस्त होती.

आधी काय तपासलं

स्वतःशी दयाळूपणे वागण्याच्या गोष्टी बोलण्याआधी खाण्याचा आजार तर नाही ना, हे पाहणं आवश्यक असतं. अनावर खाण्याच्या विकाराचं निदान करताना, २०१३ पासून वापरात असलेल्या निकषांनुसार, साधारण दोन तासांच्या आत इतर बहुतेक माणसं खातील त्यापेक्षा निश्चित जास्त खाणं, त्या वेळी स्वतःवर ताबा नसल्याची भावना, आणि हे आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने, असं पाहतात. शिवाय भूक नसताना खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेपोटी एकटं खाणं अशा खुणाही लागतात. तिच्या बाबतीत लाज होती, एकटेपणा होता, पण एका वेळचं प्रमाण आणि ताबा पूर्ण सुटण्याची वारंवारता त्या रेषेच्या अलीकडे होती. उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, खाल्लेलं 'जाळायला' तासन्‌तास व्यायाम करणं यांपैकी काही नव्हतं. तसं काही असतं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवूनच पुढे जावं लागलं असतं.

औषधांचीही चौकशी झाली. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण परस्पर बदलायचं नसतं, साखर एकाएकी खाली येऊ शकते. ती कुठल्याच औषधावर नव्हती.

चक्र कसं फिरत होतं

दिवसभराची उपासमार, संध्याकाळी टोकाची भूक आणि थकवा, एखादं 'मना केलेलं' बिस्कीट, "आता बिघडलंच" हे वाक्य, मग उरलेलं सगळं, मग लाज, आणि लाजेतून दुसऱ्या दिवशीची उपासमार. यातली प्रत्येक कडी पुढचीला ढकलते. इच्छाशक्ती कमी म्हणून हे होतं, असा तिचा समज होता. आम्ही तो मुळातूनच नाकारला, आणि नुसता धीर द्यायचा म्हणून नव्हे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आलं. हे युद्धात लढायला नकार दिलेले, स्वेच्छेनं आलेले तरुण होते, शरीर-मनानं धडधाकट असल्याचं तपासून निवडलेले. काही आठवड्यांत त्यांचं सगळं लक्ष अन्नावर खिळलं. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटातलं तासभर चिवडत बसू लागले. काहींनी चोरून खाल्लं. बंधन उठल्यावर कित्येकांना खाणं थांबवणं जड गेलं. भुकेल्या शरीराची ही सरळ प्रतिक्रिया आहे, तिला स्वभावदोष म्हणता येत नाही.

दुसरा दुवा "आता बिघडलंच" या वाक्याचा. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्तानं हवं तेवढं आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत स्वतःला आवरणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडला की नियमाचं कामच संपतं. ज्याचा नियम जितका ताठ, त्याचं मोडणं तितकं महाग.

तिसरा दुवा लाजेचा. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये खाण्यावर बंधन ठेवणाऱ्या विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिला. त्यातल्या काहींना संशोधकांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की असं खाल्ल्यावर अनेकांना अपराधी वाटतं, पण सगळेच कधी ना कधी असं खातात, स्वतःला फार बोल लावू नका. नंतर पुढे ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटांपैकी याच मुलींनी कमी खाल्लं. स्वतःला माफ केलं की माणूस सैल सुटतो, ही भीती सर्रास असते. त्या प्रयोगात तरी उलटं दिसलं.

पहिले दोन आठवडे : आधी वेळा

पहिल्या टप्प्यात भर वेळांवर होता, काय खायचं याबद्दल फारसं बोललो नाही. वेळा ठरवल्या: सकाळी ८, दुपारी १.३०, रात्री ८.३० ही जेवणं, आणि ११ व ५ वाजता मधलं खाणं. दोन खाण्यांमध्ये तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. अनावर खाण्यावरच्या वर्तनोपचारात हीच पहिली पायरी असते. कोणताही पदार्थ बंद नाही. वजनकाटा कपाटात, वजन पंधरवड्यातून एकदा तपासणीच्या वेळीच. दिवसागणिक एक-दीड किलोचा फरक पाणी, मीठ आणि पोटातल्या अन्नानं सहज पडतो. रोज सकाळी तो आकडा वाचला की त्याच्या हिशेबानं दिवसाचा नाश्ता ठरायला लागतो.

पाच वाजताचं खाणं या योजनेचा कणा. त्यात पिष्टमय आणि प्रथिनं दोन्ही हवीत, नुसतं फळ दीड तासात विरतं. तिच्यासाठी तीन पर्याय ठरवले. तीनच, कारण दमलेल्या माणसापुढे दहा पर्याय ठेवले तर तो अकरावा शोधतो. एक, केळं आणि मूठभर, साधारण ३० ग्रॅम, बदाम किंवा शेंगदाणे. दोन, दीडशे ग्रॅम दही आणि चिरलेलं फळ. तीन, उकडलेलं अंडं आणि पावाचा तुकडा. आदल्या रात्री डबा भरून पिशवीत. कार्यालयात 'काहीतरी मिळेल' यावर सोडलं, तर नेमकं कामाच्या दिवशी ते मिळत नाही.

सकाळच्या खाण्यात १५ ते २० ग्रॅम प्रथिनं यावीत असं पाहिलं. दोन अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून ६-७, वाटीभर शिजवलेल्या कडधान्यातून वाटीच्या मापाप्रमाणे १० ते १५. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. पाचचं खाणं होत होतं, पण साडेसातला भूक अजूनही ८ होती. नोंदीत कारण सापडलं. मधलं खाणं वाढलं म्हणून तिनं दुपारचं जेवण निम्मं केलं होतं. वजन वाढेल ही भीती एका दारातून बाहेर काढली की दुसऱ्या दारातून आत येते. तेव्हा दोन आठवड्यांपुरता एक नियम सांगावा लागला: एका वेळेचं खाणं दुसऱ्या वेळेतून वळतं करायचं नाही. हिशेबाच्या माणसाला ही भाषा लगेच समजली.

दुसऱ्या आठवड्याअखेर साडेसातची भूक ५-६ वर आली आणि उभ्या उभ्या बिस्किटं खाणं जवळपास थांबलं. रात्रीचं खाणं पाचावरून तीन रात्रींवर. अजून दयेचा एक शब्दही शिकवला नव्हता. कित्येकदा ज्याला 'भावनिक खाणं' म्हणतात, त्यातला मोठा भाग साधी भूक असते. पोटात कावळे ओरडत असताना मनाशी गोड बोलण्याचे धडे देणं हा क्रमच उलटा आहे.

घसरल्यानंतरची पाच मिनिटं

उरलेल्या तीन रात्रींसाठी दुसरा टप्पा. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेची मांडणी केली, तिचे तीन भाग आहेत: स्वतःशी मायेनं वागणं, आपल्यासारखे इतरही आहेत ही जाण, आणि जे चाललंय ते न फुगवता, न लपवता पाहणं. हे ऐकायला छान वाटतं, पण रात्री पावणेअकराला हातात रिकामं पाकीट असताना यातलं काही आठवत नाही. म्हणून त्याची पाच पायऱ्यांची कृती केली आणि कागदावर लिहून फ्रीजच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली.

१. बसायचं. पाकीट खाली ठेवायचं. जे झालं ते विशेषणांशिवाय म्हणायचं: "ठरवल्यापेक्षा जास्त खाल्लं. पोट जड आहे. लाज वाटतेय." 'हावरट', 'निर्लज्ज' हे शब्द या पायरीत बसत नाहीत, कारण त्यांतून काही कळत नाही.

२. "दिवसभर ताणलं की बहुतेकांचं असं होतं." हे स्वतःला ऐकू येईल असं.

३. बहिणीनं हेच फोनवर सांगितलं असतं तर आपण काय म्हणालो असतो, ते एक वाक्य. तेवढंच आणि त्याच सुरात.

४. एक प्रश्न: मागच्या तीन तासांत काय झालं? उत्तर एका ओळीत वहीत.

५. पुढचं खाणं त्याच्या वेळेला, नेहमीच्याच प्रमाणात. सकाळचा नाश्ता टाळायचा नाही, जास्तीचं चालायचं नाही, 'फक्त पाण्याचा दिवस' नाही.

पाचवी पायरी नसेल तर पहिल्या चार नुसत्या गप्पा. चक्र प्रत्यक्षात तिथेच तुटतं. उलट, एखाद्या रात्री बाकीचं काहीच जमलं नाही आणि सकाळी आठला नाश्ता तेवढा झाला, तरी ते यशच धरलं.

तिसऱ्या पायरीवर ती अडखळली. सुरुवातीला तिनं कुठंतरी वाचलेली वाक्यं घेतली: "मी सुंदर आहे, मी परिपूर्ण आहे." दोन दिवसांत म्हणाली, "खोटं बोलतेय असं वाटतं, आणि त्यानं जास्तच चिडचिड होते." साहजिक आहे. स्तुती आणि माया या वेगळ्या गोष्टी. वाक्य असं हवं की त्या क्षणी ते मनाला पटलं पाहिजे. तिला बहिणीशी बोलल्यासारखं मोठ्यानं बोलायला लावलं तेव्हा ते आपसूक आलं: "अगं, सकाळपासून धावतेयस, झोप आता. उद्या आठला नीट खा." त्यात कौतुक नाही, सूट नाही, पुढचं काम मात्र आहे. तेच कायम केलं.

आणखी एक चूक पहिल्या काही दिवसांत बहुतेकांकडून होते: माफी आगाऊ घेणं. "नंतर स्वतःशी प्रेमानं बोलेनच" असं म्हणून पाकीट उघडणं. त्यासाठी वेगळा प्रश्न ठेवला: हे खाऊन अर्ध्या तासानं मला बरं वाटेल का? उत्तर 'हो' असेल तर ताटलीत काढून, बसून खायचं आणि विषय संपला. 'नाही' असेल तर दहा मिनिटं थांबायचं. त्यानंतरही हवं असेल तर खायचं. ही दहा मिनिटं म्हणजे मनाई नव्हे, हे दोनदा सांगावं लागलं, कारण तिच्या डोक्यात तो लगेच नवा नियम झाला होता आणि अकराव्या मिनिटाला खाल्लं की ती पुन्हा स्वतःला 'नापास' लिहीत होती.

ताटात काय

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ताटाकडे वळलो, तेही काढण्याऐवजी वाढवण्याच्या बाजूनं. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट शक्यतो अख्खं धान्य, पाव ताट कडधान्य, अंडी, मासे किंवा दुधाचे पदार्थ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सुचवते, म्हणजे ८० ग्रॅमचे पाच वाटे. तिची सुरुवात दोन वाट्यांपासून होती. दर आठवड्याला एक वाटा, ज्या जेवणात सोपा पडेल तिथे. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं आणि माणूस सगळंच सोडतो, म्हणून पाणी वाढवून हळूहळू.

आइस्क्रीमचा प्रश्न उरला. ते तिच्या मते 'घरात असलं की संपतंच'. बंदी घालून बारा वर्षांत ते सुटलं नव्हतं. म्हणून आठवड्यातून दोनदा, रात्रीच्या जेवणानंतर लगेच, पोट भरलेलं असताना, वाटीत काढून, सगळ्यांसोबत टेबलावर. मोठा डबा न आणता एकेका वाटीएवढे छोटे कप. पहिले दोन कप तिनं घाईघाईनं संपवले. चौथ्या वेळी अर्धा उरला, आणि हे तिनं वहीत उद्गारचिन्ह घालून लिहिलं. रक्तातल्या साखरेचं काय, असं कुणी विचारेल. रिकाम्या पोटी रात्री अर्धा डबा आणि जेवणानंतर एक कप यांतला फरक साखरेलाही कळतो. गोडाचं एकूण प्रमाण मोजून पाहिलं तर ते घटलंच होतं.

जिथे भूक नव्हती

पाचव्या आठवड्यात एका रात्रीची नोंद वेगळी होती. पाचचं खाणं झालेलं, जेवण नीट, भूक २. तरी साडेदहाला खाल्लं. चौथ्या पायरीचं उत्तर: "साहेबांचा निरोप आला. सगळ्यांसमोर चूक काढली."

इथे वेळापत्रकाचा उपयोग संपतो. अशा वेळी खाणं हा तिचा दिवसातला एकमेव विसावा होता. तो काढून घ्यायचा तर त्या जागी काहीतरी द्यावं लागतं, आणि ते रात्री साडेदहाला, पायजम्यात, पाच मिनिटांत करता येण्याजोगं हवं. 'छंद जोपासा' हा सल्ला त्या वेळेला कुचकामी. तिनं दोन गोष्टी निवडल्या: गरम पाण्यानं आंघोळ, आणि बहिणीला ध्वनिमुद्रित निरोप. दोन्ही जमल्या नाहीत तर खाणंही चालेल, पण बसून आणि ताटलीत.

झोपेचा हिशेब काढला तर ती सरासरी साडेपाच तास भरली. कमी झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं आणि तृप्तीचा संदेश देणारं लेप्टिन उतरतं, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय साधी गोष्ट, साडेदहाला झोपलेला माणूस साडेदहाला खात नाही. झोपेची वेळ आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणली. हे सगळ्यात सावकाश झालं आणि अर्धवटच राहिलं.

घरच्यांचं बोलणं

नवरा वाईट माणूस नव्हता, पण "हे चालतं का तुझ्या डाएटमध्ये?" हे वाक्य आठवड्यातून तीनदा यायचं, आणि त्या रात्री हमखास खाणं व्हायचं. तिनं त्याला स्पष्ट सांगितलं: "माझ्या ताटाबद्दल तू काही बोलू नकोस. मदत करायचीच असेल तर रात्रीची भांडी तू आवर, मी लवकर झोपते." आधी असं ठरलं होतं की त्यानं रोज पाच वाजता 'खाल्लंस का' असा निरोप पाठवायचा. चौथ्या दिवशी तीही पाळत वाटायला लागली, बंद केली. भांडी मात्र टिकली.

सातवा आठवडा

वर्षअखेरीचे हिशेब आले. डबा राहिला, पाचचं खाणं बुडालं, सलग चार रात्री खाणं झालं. पाचव्या सकाळी तिनं तीन दिवस नुसत्या फळांच्या रसावर राहायचं ठरवलं, आणि भेटीला आली ती जुन्याच सुरात: "मला हे जमणारं नाही."

या टप्प्यावर बहुतेक योजना मरतात, कारण एक वाईट आठवडा म्हणजे योजना फसली असं मानलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा रुजतात याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण व्यक्तीगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्यानं सवय रुजण्यात फारसा फरक पडला नाही. तिच्याकडे चार दिवस चुकले होते, पण चाळीसहून अधिक साधले होते.

रसाचा बेत सोडायला लावला आणि 'किमान योजना' लिहिली, खास अशाच आठवड्यांसाठी. आठ वाजता काहीतरी, पाच वाजता काहीतरी, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा नाही. भाज्यांचे वाटे, नोंद, झोप सगळं स्थगित. पाच वाजताच्या डब्याऐवजी कार्यालयाच्या खणात न नासणारा साठा: सुका मेवा, भाजलेले चणे, दुधाचे छोटे टेट्रापॅक. आधीच्या आखणीत ही उणीव होती. चांगल्या आठवड्याची योजना होती, वाईट आठवड्याची नव्हती. ती पहिल्याच भेटीत द्यायला हवी.

बाराव्या आठवड्यात आणि सहा महिन्यांनी

बाराव्या आठवड्यात रात्रीचं खाणं आठवड्यातून एक-दोनदा, तेही पूर्वीच्या निम्म्यानं. आमच्या दृष्टीनं जास्त मोलाचा आकडा दुसरा. पूर्वी एका घसरगुंडीनंतर नेहमीचं खाणं रुळावर यायला दोन-तीन दिवस जायचे, आता पुढच्याच खाण्याला ते येत होतं. वजन ७३.२. सहा महिन्यांनी ७२. एचबीएवनसी ५.८, पण ५.९ वरून ५.८ हा फरक चाचणीच्या नेहमीच्या चढउतारात बसतो, त्याचा पेढा वाटण्याचं कारण नाही. साखर चढली नाही एवढंच त्यातून म्हणता येतं, आणि पुढच्या तपासण्या डॉक्टरांकडे चालूच राहतील.

वजन झपाट्यानं उतरवायला ही पद्धत कामाची नाही, हे तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी तिसऱ्या महिन्यात ती थोडी नाराज होतीच. ती नाराजी समजावून घालवायचा प्रयत्न केला नाही. 'स्वतःवर प्रेम करते म्हणजे वजनाचा विचारच करायचा नाही' हीसुद्धा एक सक्तीच होते.

भराभर खाण्याची सवय तशीच आहे. सुट्टीच्या दिवशी वेळा अजून घसरतात. आईच्या घरी गेलं की जुनी वाक्यं परत येतात.

रोजची नोंद चौथ्या महिन्यात थांबवली, कारण ती भरलेले रकाने मोजायला लागली होती. पुन्हा वही काढायच्या तीन खुणा ठरल्या आहेत: सलग तीन दिवस पाचचं खाणं बुडणं, रात्रीच्या खाण्यानंतर नाश्ता टाळावासा वाटणं, आणि मनात "सोमवारपासून" हा शब्द येणं. यांपैकी काहीही दिसलं की आठवडाभर नोंद, किमान योजना, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा ताबा सुटण्याची भावना दर आठवड्याला येऊ लागली, तर वाट न पाहता भेट.